कॉन्सर्ट संपल्यावर घरी कसं पोचायचं? नाशिकबाहेरच्या खुल्या कार्यक्रमांसाठी परतीच्या गाडीचं नियोजन

गोवर्धन-सावरगाव, त्र्यंबक रस्ता, दिंडोरी, घोटी-इगतपुरी. नाशिकच्या भोवतालचे मोठे खुले कार्यक्रम बहुतेक याच पट्ट्यांत होतात, आणि दर हंगामात रात्री साडेदहाला तेच दृश्य दिसतं: अंधाऱ्या रस्त्याच्या कडेला फोन उंच धरून रेंज शोधणारी माणसं. जाताना रिक्षा किंवा कॅब सहज मिळालेली असते, म्हणून येतानाही मिळेल असं सगळे गृहीत धरतात. पण जाणारी गर्दी दुपारी तीनपासून सातपर्यंत हळूहळू पोचते आणि परतणारी गर्दी अर्ध्या तासात एकाच गेटमधून बाहेर पडते. शहरातला कॅबवाला दहा-बारा किलोमीटर रिकामी गाडी घेऊन त्या कोंडीत शिरायला तयार नसतो. आला तरी तासभर अडकतो, म्हणून अर्ध्या वाटेवरून राइड रद्द करतो.

त्यामुळे ॲपवर ऐनवेळी कॅब बोलावण्याला परतीची सोय म्हणता येत नाही. परतीची गाडी जाण्याआधीच ठरलेली हवी. ती कशी ठरवायची, ते क्रमाने पाहू. हा क्रम मोडला की पुढचं सगळं बिघडतं, कारण वेळ ठरल्याशिवाय गाडी ठरत नाही आणि गाडी ठरल्याशिवाय भेटीच्या जागेचा प्रश्नच येत नाही.

१. आधी वेळ काढा, उलट्या बाजूने

ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस ही मर्यादा रात्री १२ पर्यंत शिथिल करू शकतं. म्हणजे तुमचा कार्यक्रम दहाला तरी संपणार, नाहीतर बाराला. या दोन्हींपैकी कोणती वेळ, हे आयोजकांच्या पानावर पाहून घ्या. तिकिटावर बहुधा सुरू होण्याची वेळ असते, संपण्याची नसते.

आता हिशेब करा. दहाला संपला असं धरू:

- स्टेजपासून गेटपर्यंत, स्वच्छतागृहाची रांग आणि हरवलेला मित्र धरून: ३० मिनिटं
- पार्किंगमधून किंवा बॅरिकेडपासून मोकळ्या रस्त्यावर येईपर्यंत: ४५ ते ६० मिनिटं
- पुढचा प्रवास. गोवर्धनच्या बाजूने सीबीएस (शहरातलं मध्यवर्ती बसस्थानक) साधारण १२ किलोमीटर, नाशिकरोड स्टेशन २० ते २२. शहरापासून दिंडोरी साधारण २५, त्र्यंबकेश्वर २८ ते ३०, इगतपुरी सुमारे ४५ किलोमीटर.

गोवर्धनहून नाशिकरोडला पोचायला मध्यरात्रीचे सव्वाबारा-साडेबारा वाजणार. त्यामुळे एकच्या आतली कुठलीही रेल्वे पकडायचा बेत करू नका. कार्यक्रम बाराला संपणार असेल तर यात सरळ दोन तास वाढवा.

इशारा: रेल्वेच्या तारखेत सर्वात जास्त लोक फसतात. कार्यक्रम शनिवारी रात्री आहे आणि गाडी रात्री १ वाजून १० मिनिटांची आहे, तर तिकीट रविवारच्या तारखेचं काढायचं. शनिवारचं काढलं तर ती गाडी तुम्ही कॉन्सर्टला निघण्याच्या आदल्या मध्यरात्रीच निघून गेलेली असते. एसटी आणि खासगी ट्रॅव्हल्सच्या आरक्षणातही मध्यरात्रीनंतरच्या थांब्यावर चढणार असाल तर तारीख दोनदा वाचा. तिथे कधी कधी गाडी जिथून सुटते त्या गावची तारीख दिसते आणि तुमच्या थांब्यावर ती दुसऱ्या दिवशी येते.

२. कोणत्या मार्गाने परतायचं ते ठरवा

*शहरातच राहणारे.* सिटीलिंकची बस जाताना उपयोगी पडते. रात्री दहानंतर परतीसाठी तिच्यावर भिस्त ठेवू नका. वेळापत्रकात शेवटची फेरी दिसली तरी कोंडीत ती तुमच्यापर्यंत पोचेल याची खात्री नसते. आयोजकांनी शटल ठेवली असेल तर तो सर्वात चांगला पर्याय, पण तीन गोष्टी विचारा: परतीची शेवटची शटल किती वाजता, तिकीट आधी काढावं लागतं का, आणि ती शहरात नेमकी कुठे सोडते. ‘नाशिक सिटी’ एवढंच लिहिलेलं असेल तर मध्यरात्री जिथे सोडेल तिथून घरापर्यंत दुसरी गाडी शोधावी लागते. ती कोणती, हेही आत्ताच ठरवा.

*मुंबईला जाणारे.* नाशिकरोडहून मध्यरात्रीनंतर मुंबईकडे जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या बऱ्याच गाड्या असतात, पण जनरल डब्यात पाय ठेवायला जागा नसते, म्हणून आरक्षण करा. सकाळची पंचवटी एक्स्प्रेस गाठायची असेल तर नाशकात मुक्काम करा. इगतपुरी-घोटीच्या बाजूला कार्यक्रम असेल तर उलटं नाशिकला येऊ नका, इगतपुरी स्टेशन जवळ आहे आणि बहुतेक गाड्या तिथे थांबतात. मुंबईची लोकल मात्र कसाऱ्यापर्यंतच येते. ‘इगतपुरीहून लोकल पकडू’ असं ठरवून निघालेले लोक दर वेळी भेटतात.

*पुण्याला जाणारे.* नाशिक-पुणे थेट रेल्वेमार्ग नाही. रस्ता साधारण २१० किलोमीटरचा, सिन्नर-संगमनेर-नारायणगावमार्गे. मध्यरात्री निघालात तर चालकाला सर्वात जास्त झोप येणाऱ्या दोन ते पाचच्या वेळेत तुम्ही रस्त्यावर असता. आमचं स्पष्ट मत: रात्री निघू नका. गंगापूर रोड किंवा सीबीएसच्या परिसरात खोली घ्या आणि सकाळी ठक्कर बाजारहून बस पकडा. चौघांत खोलीचं भाडं वाटलं तर रात्रीच्या खास गाडीपेक्षा ते स्वस्तच पडतं.

*स्वतःची गाडी.* चालवणारा एकजण आधी ठरवा आणि त्याने त्या दिवशी एक घोटही घ्यायचा नाही. द्राक्षमळ्यातल्या कार्यक्रमात ‘फक्त वाइन चाखली’ हे कारण चालत नाही. कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल एवढीच आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. गाडीची किल्ली दुपारपासूनच त्याच्याकडे द्या, रात्री ‘कोण कमी प्यायलंय’ ही चर्चा नको.

*दुचाकी.* शहरापर्यंत ठीक. डिसेंबर ते फेब्रुवारीत गंगापूर धरणाकाठच्या रस्त्यावर रात्री बोटं गारठतात, म्हणून जाडं जाकीट आणि हातमोजे डिकीत टाकून ठेवा. हेल्मेटची काच काळी असेल तर बदला, दिवसा लक्षात येत नाही आणि रात्री काहीच दिसत नाही. कसारा घाट रात्री दुचाकीवर उतरू नका. समृद्धी महामार्गावर तर दुचाकीला प्रवेशच नाही.

३. गाडीवाल्याशी बोलणी

चार किंवा जास्त जण असाल तर जाण्या-येण्याची गाडी करून ती तिथेच थांबवून ठेवणं हाच खात्रीचा मार्ग. ‘रात्री दहाला घ्यायला या’ असं ठरवलेली गाडी बहुधा कोंडीच्या बाहेर अडकते किंवा मध्येच दुसरं भाडं मारते. थांबलेली गाडी मात्र आत असते. वेटिंगचे पैसे जास्त वाटले तरी खर्च इथेच करा.

गाडी दहा-बारा दिवस आधी सांगा. लग्नाच्या तिथी त्याच हंगामात असतात आणि शनिवार-रविवारी चांगल्या गाड्या आधीच गेलेल्या असतात.

आसनांचा हिशेब नीट करा. डिझायरसारख्या गाडीत चौघं. ती सीएनजीवर असेल तर डिकीत टाकी असते, त्यामुळे चार बॅगा मावत नाहीत. अर्टिगात चालक सोडून सहा जण, पण मागची रांग वापरली की सामानाला जागा उरत नाही, म्हणून बॅगा असतील तर पाचच धरा. त्याहून जास्त असाल तर दोन छोट्या गाड्यांपेक्षा एक टेम्पो ट्रॅव्हलर बरा. दोन गाड्या म्हणजे दोन चालक शोधायचे आणि एकमेकांची वाट पाहायची.

बोलताना हे मुद्दे एकेक करून विचारा:

- भाडं कसं? शहरातल्या गाड्यांना बहुधा ‘आठ तास, ऐंशी किलोमीटर’ असं पॅकेज असतं. दुपारी तीनला निघून रात्री साडेबाराला परतलात तर साडेनऊ तास होतात. जादा तासाचा आणि जादा किलोमीटरचा दर आत्ताच ठरवा.
- तास आणि किलोमीटर कुठून मोजणार? अनेक जण गॅरेजपासून गॅरेजपर्यंत धरतात. गाडी सिडकोतून येणार आणि तुम्ही पंचवटीत चढणार असाल तर तो फरक तुमच्या बिलात येतो.
- बाहेरगावची गाडी असेल तर दिवस कसा धरणार? बरेच ट्रॅव्हल्सवाले मध्यरात्री बारानंतर दुसरा दिवस लावतात आणि प्रत्येक दिवसाला २५० किंवा ३०० किलोमीटरचं किमान रनिंग आकारतात. मध्यरात्रीनंतर मुंबईत उतरलात आणि दोन दिवसांचं बिल आलं, ही तक्रार याच एका प्रश्नाने टळते.
- टोल, पार्किंग, चालकाचा रात्रीचा भत्ता भाड्यात आहे की वेगळा?
- चालक त्या दिवशी सकाळी कुठे असणार? पहाटे शिर्डीची फेरी मारून आलेला माणूस रात्री एकला तुम्हाला कसाऱ्यातून नेणार असेल तर दुसरा चालक मागा.

ठरलं की लगेच व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा. असा निरोप पुरेसा आहे:

‘दादा, शनिवारी दुपारी ३ ला कॉलेज रोडवरून निघायचं, ५ जण, अर्टिगा. गोवर्धनला कार्यक्रम, गाडी तिथेच थांबणार. परत साधारण ११ ला निघून १२.३० पर्यंत घरी. भाडं ठरल्याप्रमाणे, पार्किंग आमच्याकडे, जादा तासाचा दर बोलल्याप्रमाणे. गाडी नंबर आणि चालकाचा फोन आदल्या दिवशी संध्याकाळी पाठवा.’

समोरून ‘ओके’ आलं की मगच ॲडव्हान्स द्या, आणि पूर्ण रक्कम आधी देऊ नका.

तपासा: गाडीची नंबरप्लेट पिवळी आहे का? पांढऱ्या प्लेटची खासगी गाडी स्वस्तात मिळते, पण तिला प्रवासी भाड्याने न्यायचा परवाना नसतो आणि अपघात झाला तर विम्याच्या दाव्यात अडचण येते.

४. भेटीची जागा: इथे घाई नको

गाडी ठरूनही लोक चुकतात ते इथेच. ‘मेन गेटला भेटू’ ही जागा नव्हे. कार्यक्रम संपताना मेन गेटवर पोलीस कोणालाही थांबू देत नाहीत आणि गाड्यांना एकाच दिशेने काढलं जातं. नकाशात जागेच्या नावावर टाकलेली खूण तर बऱ्याचदा मळ्याच्या मागच्या बांधावर किंवा कामगारांच्या गेटवर पडते. चालक तिकडे जाऊन उभा राहतो आणि मधे तारेचं कुंपण असतं.

चालक पार्किंगमध्येच थांबणार असेल तर उतरताना पार्किंगचा विभाग, रांग आणि जवळची ठळक खूण यांचा फोटो काढा. रात्री सगळं शेत सारखंच दिसतं. गाडीचं तोंड बाहेरच्या वाटेकडे करून लावायला सांगा. अंधारात, गर्दीत, मऊ मातीत गाडी मागे घेताना चाकं रुततात.

गाडी बाहेरून येणार असेल तर जागा अशी निवडा:

- शेवटच्या बॅरिकेडच्या पलीकडे, शहराच्या बाजूला. विरुद्ध बाजूला उभी राहिलेली गाडी पुन्हा कोंडीतूनच जाते.
- रात्रभर दिवा असलेली. पेट्रोल पंप, चालू ढाबा, मोठं देऊळ, ग्रामपंचायतीचं कार्यालय.
- गाडी पाच-दहा मिनिटं उभी राहू शकेल एवढी रुंद. वळणावर किंवा पुलाच्या तोंडाशी अजिबात नको.
- चालत जास्तीत जास्त एक किलोमीटर, तेही सगळी गर्दी ज्या रस्त्याने चालते त्याच रस्त्यावर.

गंगापूर रस्त्याने परतायचं असेल तर गंगापूर गाव किंवा बारदान फाटा अशी नावं चालकाला पटकन कळतात. तिथपर्यंत शटलने किंवा ओळखीच्या गाडीतून येता येत असेल तर पुढे कॅब मिळण्याची शक्यताही बरीच वाढते.

इशारा: मळ्यांमधल्या किंवा उसाच्या कडेच्या पायवाटेने ‘शॉर्टकट’ घेऊ नका. नाशिक, दिंडोरी, निफाड, सिन्नर या तालुक्यांत बिबट्याचा वावर आहे, शिवाय उघड्या विहिरी आणि तारा अंधारात दिसत नाहीत.

५. आदल्या दिवशी

फोन पूर्ण चार्ज करा आणि पॉवर बँक घ्या. नकाशाचा त्या भागाचा तुकडा ऑफलाइन उतरवून ठेवा. हजारो फोन एकाच टॉवरवर आले की डेटा बंद पडतो. साधा फोन आणि एसएमएस त्यामानाने लवकर लागतो, म्हणून चालकाचा नंबर फक्त व्हॉट्सॲपच्या संवादात नको, संपर्कयादीत हवा. आणि कागदावरही.

रोख रक्कम बरोबर ठेवा, शंभर-दोनशेच्या नोटांत. नेट नसेल तर यूपीआय अडकतं आणि रात्री पाचशेचे सुटे कुणाकडे नसतात.

गटात ठरवून टाका: संपल्यावर कुठे जमायचं, किती मिनिटं वाट पाहायची, आणि न आलेल्या माणसाचं काय. ‘साडेदहाला पाण्याच्या टाकीजवळ’ असं ठरवलं तर फोन न लागताही माणसं सापडतात.

चालकाला आदल्या संध्याकाळी फोन करा, संदेश नको. इंधन किंवा सीएनजी आधी भरून घ्यायला सांगा. सीएनजीची रांग रात्रीच्या वेळापत्रकात बसत नाही. सिंहस्थाच्या कामांमुळे शहरात आणि त्र्यंबक रस्त्याला खोदकाम व वळसे आहेत, ते त्याला ताजे माहीत असतात. रस्ता त्यालाच विचारा.

६. पोचल्यावर, आत जाण्याआधी

पाच मिनिटांचं काम आहे, पण उजेड असतानाच होतं. चालकाबरोबर भेटीच्या जागेपर्यंत जाऊन ती दाखवा. तो जिथे थांबणार तिथे त्याच्या फोनला रेंज आहे का पाहा. जेवणाचे पैसे आत्ताच द्या आणि साडेआठनंतर गाडीत झोपून घ्यायला सांगा. झोपताना काचा थोड्या खाली ठेवायच्या; बंद काचांत इंजिन आणि एसी चालू ठेवून झोपणं कार्बन मोनॉक्साइडमुळे जिवावर बेतू शकतं.

बाहेर पडायची किती गेट आहेत, तेही आत शिरताना पाहून ठेवा. प्रथमोपचाराचा तंबू कुठे, तेही.

७. निघताना

दोनच वेळा चांगल्या असतात: शेवटच्या गाण्याच्या वीस मिनिटं आधी, किंवा संपल्यानंतर तासाभराने. मधल्या वेळेत निघणारा जवळपास तेवढ्याच वेळात घरी पोचतो, फक्त तो वेळ धुरात उभा राहून काढतो. रेल्वे गाठायची असेल तर आधी निघा, तिथे दुसरा पर्याय नाही. घाई नसेल तर आतच खाऊन, पाणी भरून, स्वच्छतागृहाला जाऊन निवांत निघा. जागा रिकामी करायला सांगेपर्यंत बसता येतं.

निघायच्या अर्धा तास आधी चालकाला फोन करून उठवा. भेटल्यावर गाडीत बसायच्या आधी माणसं मोजा.

ॲपची कॅब मिळालीच तर नंबरप्लेट ॲपमधल्या नंबरशी जुळवा, आणि ओटीपी गाडीत बसल्यावरच सांगा. फोनवर ओटीपी मागणाऱ्याला देऊ नका. तुमच्याविना राइड सुरू होते आणि पैसे कापले जातात.

८. वाटेत

पहिल्या पाच किलोमीटरमध्ये काचेवर दव आणि धूळ मिसळून चिखल होतो. निघण्याआधी पुढची काच ओल्या फडक्याने पुसा, नुसता वायपर फिरवला तर पसरतं. दिंडोरी आणि निफाडच्या बाजूला हंगामात उसाच्या ट्रॉल्या आणि द्राक्षांचे ट्रॅक्टर रात्रीही चालतात, बऱ्याच ट्रॉल्यांना मागे दिवा किंवा रिफ्लेक्टर नसतो. समोरच्या गाडीचे हेडलाइट डोळ्यावर आले की वेग कमी करा, ट्रॉली नेमकी त्याच क्षणी समोर येते.

चालकाशेजारी बसणाऱ्याने झोपायचं नाही. चालक सारखे डोळे चोळत असेल किंवा गाडी पट्टा सोडत असेल तर पंपावर थांबा आणि त्याला वीस मिनिटं झोपू द्या. नुसता चहा पुरत नाही.

९. ठरलेली गाडी आलीच नाही तर

१. फोन लागत नसेल तर एसएमएस करा आणि ठरलेल्या जागीच वीस मिनिटं थांबा. तुम्ही जागा बदलली आणि तो आला, असं झालं की दोघंही हरवता.

२. तरीही नाही, तर पुन्हा गेटकडे जा, रस्त्यावर पुढे चालत सुटू नका. आयोजकांच्या मदत कक्षाला शटलमध्ये जागा आहे का विचारा. शहराकडे निघालेल्या, ओळख पटलेल्या कुटुंबाच्या गाडीत दोघांना जागा मिळते. सात जणांना मिळत नाही. म्हणून मोठ्या गटाने दोन-दोन करून विचारावं, पण कुणालाही एकटं पाठवू नये.

३. ट्रॅव्हल्सच्या मालकाचा नंबर चालकाच्या नंबरबरोबरच घेतलेला असेल तर आता तो कामी येतो. बदली गाडी तोच पाठवू शकतो.

४. असुरक्षित वाटलं तर ११२. दुखापत किंवा तब्येत बिघडली तर १०८. राष्ट्रीय महामार्गावर गाडी बंद पडली तर १०३३. रेल्वेच्या चौकशीला १३९. हे चारही नंबर फोनमध्ये आजच टाकून ठेवा.

५. दुसऱ्या दिवशी ॲडव्हान्स परत मागताना व्हॉट्सॲपवरचा तो लिहून पाठवलेला निरोप आणि पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट लागतो. दोन्ही पुसू नका.